मोज्यांची थाप

माझा थोरला मामा दशावतारात गुरूंची कामं करायचा. द्रोण, विश्वामित्र, शुक्राचार्य, परशुराम. तरुणपणी म्हणे राजपार्ट करायचा, पण पुढे गुडघे धरले, युद्धातल्या गिरक्या जमेनात, तेव्हा कंपनीच्या नाइकाने त्याच्या हातात पांढरी दाढी दिली. हे तो स्वतःच हसत सांगायचा. दिवसा प्राथमिक शाळेत मास्तर आणि जत्रांच्या दिवसांत रात्री ऋषी, असं त्याचं आयुष्य. आईबाबा मुंबईला चाळीत, मी आजोळी. कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राची गाज फक्त पावसाळ्यातल्या रात्री ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचं घर. मला वाढवलं ते आजीने आणि या मामाने.

हॅरी पॉटरचा पहिला भाग माझ्या हाती आला तो मराठीत, ‘परीस’ नावाने. हे नाव मला अजूनही मूळ इंग्रजी नावापेक्षा आवडतं. आपल्याकडे परीस म्हटलं की लोखंडाचं सोनं होणार हे सांगावं लागत नाही. पुस्तक मामानेच कुणाकडून तरी आणलं होतं. जुलै महिना, वीज गेलेली, पडवीत कंदील. मी दिवसभर वाचायचं आणि रात्री मामाला गोष्ट सांगायची, असा नेमच झाला. तो चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत ऐकायचा. मध्ये प्रश्न विचारायचा नाही, फक्त सोललेली आठळी माझ्यापुढे सरकवायचा. म्हणजे पुढे सांग.

एके रात्री आरशाचा प्रसंग आला. शाळेत एक आरसा आहे, त्यात माणसाला आपलं रूप नाही, आपल्याला मनापासून जे हवं ते दिसतं. अनाथ हॅरीला त्यात आईवडील दिसतात. मग एका रात्री तिथे त्याला त्याचे हेडमास्तर डम्बलडोर भेटतात. हॅरी धीर करून विचारतो, सर, तुम्हाला काय दिसतं? ते म्हणतात, मला माझ्या हातात लोकरीचे जाड मोजे दिसतात. लोक मला नेहमी पुस्तकंच भेट देतात.

मी हसले. मामा हसला नाही. आठळी तशीच हातात ठेवून म्हणाला, “थापा मारता तो म्हातारो.”

“कशावरून?”

“म्हातारपणी माणसाक मोजे होये आसतत, खरा. पण तेच्यासाठी आरशात कोण बघता?”

मला ते पटलं नाही. डम्बलडोरवर माझा तेव्हा भलताच जीव होता. पण मामा नट होता. तयार वाक्य आणि तिथल्या तिथे सुचलेलं वाक्य यातला फरक त्याला कळत असे. दशावतारात संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. बाकीचं सगळं नटाने उभ्या जागी बोलायचं. समोरच्याने अडचणीचा प्रश्न टाकला तर तिथल्या तिथे उत्तर काढायचं. मोज्यांचं वाक्य हे असं काढलेलं उत्तर आहे, हे त्याने एका ऐकण्यात ओळखलं. पुढे सहा भागांनंतर, डम्बलडोरच्या धाकट्या बहिणीचं काय झालं ते कळतं, तेव्हा त्या आरशात त्यांना काय दिसत असणार याचा हॅरीला उलगडा होतो. मामाला ते सातव्या भागाची गरज न पडता कळलं होतं.

आम्हा कोकणातल्या माणसांचा आद्य गुरू म्हणजे परशुराम. त्याने सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी काढली, हे आम्हाला अंगणात खेळायला लागण्याआधी सांगतात. चिपळूणजवळ त्याचं देऊळ आहे. पण गुरू म्हणून त्याचं पुस्तक काढून बघितलं तर? भीष्माला शिकवलं आणि मग त्याच्याशीच लढायला उभा राहिला. कर्णाला शिकवलं आणि शाप दिला. कर्ण खोटं बोलला होता हे खरंच, ब्राह्मण आहे म्हणून सांगितलं. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेला, किड्याने मांडी पोखरली, रक्त वाहिलं, तरी पोरगा हलला नाही. का, तर गुरूची झोप मोडेल. आणि तेवढ्यावरूनच गुरूने ओळखलं की हा ब्राह्मण नव्हे. शिकवलेली विद्या ऐन वेळी आठवणार नाही, असा शाप. द्रोणाने तर शिकवलंही नाही आणि अंगठा मात्र घेतला.

आमच्या सगळ्या गुरूंच्या गोष्टींत खोटं बोलतो तो शिष्य आणि हिशेब मागतो तो गुरू. गुरूचंच काही लपवलेलं निघालं तर काय करायचं, याची पद्धत आमच्याकडे नाही. घरातही नाही. वडीलधाऱ्यांनी लपवलं तर ते ‘तुझ्या भल्यासाठी’ असतं, आणि तिथे विषय संपतो.

२००८ साली माझी बारावी. मी रत्नागिरीला होस्टेलवर होते. तिसरा पेपर झाल्यानंतर, रात्री, घरी आजी गेली. हे मला सतरा दिवसांनी कळलं.

घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आईबाबा मुंबईहून आले, त्यांनाही पटलं. होस्टेलला फोन करून, तिला काही कळू देऊ नका, असं सांगितलं ते मात्र मामाने. मी दर रविवारी घरी फोन करायचे. त्या दोन रविवारी तोच फोनवर आला आणि आजी परसात आहे, आजी देवळात गेली, असं म्हणाला. पेपर संपले तशी मी कोकण रेल्वेने कुडाळला उतरले. आजीने चष्म्याला बांधायला दोरी मागितली होती, ती रत्नागिरीच्या बाजारात घेतलेली काळी दोरी माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होती. स्टेशनवर मामा घ्यायला आलेला. डोक्यावर टोपी. मामा कधी टोपी घालायचा नाही. आणि मिशी नव्हती.

“मिशी खय गेली?” मी विचारलं.

“शुक्राचार्याचा काम होता, काढली,” तो म्हणाला आणि माझी बॅग उचलून रिक्षाकडे चालायला लागला.

शुक्राचार्याला हातभर दाढी असते. दाढी लावायला मिशी कोण काढतं? रिक्षा सड्यावर चढेपर्यंत मी गप्प होते. तोही. मग मी हात लावून त्याची टोपी वर केली. खाली पंधरा दिवसांचे पांढरे खुंट होते.

वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. म्हणजे ‘जेवायला ये’, ‘दिवा लाव’ एवढं चालू होतं. पण बोलले नाही. पुण्याला कॉलेजला गेले. सुट्टीत आले की आईच्या मागे मागे राहायचे. मार्क चांगले पडले होते, आणि तेच जास्त लागायचं. म्हणजे त्याचं बरोबरच होतं की.

त्या वर्षी पुण्यात पाचवा भाग वाचला, इंग्रजीत, शेजारी डिक्शनरी ठेवून. सातांतला सर्वांत जाड भाग. हॅरी पूर्ण पुस्तकभर चिडलेला आहे आणि अनेकांना त्याचाच कंटाळा येतो. मला आला नाही. त्या वर्षभर डम्बलडोर त्याच्याशी बोलत नाहीत, डोळ्याला डोळा देत नाहीत, का ते सांगत नाहीत. न सांगितल्यामुळे पोरगा फसतो, आणि त्याला सोडवायला आलेला सिरियस, त्याच्या घरच्यासारखा उरलेला एकुलता माणूस, मरतो. मग हेडमास्तरांच्या खोलीत हॅरी हाताला लागेल ते फोडतो. डम्बलडोर त्याला फोडू देतात. आणि सांगायला बसतात: तुझ्याबद्दलचं भाकीत मला पहिल्यापासून माहीत होतं. तू अकरा वर्षांचा असताना विचारलंस, तेव्हा लहान आहेस म्हणून टाळलं. पुढच्या वर्षी टाळलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. तुझ्यावर जीव जडला होता, म्हणून. आज जे झालं त्यात तुझ्यापेक्षा माझा दोष जास्त आहे.

मी ते पान तीनदा वाचलं. शंभरीच्या पुढचा म्हातारा, सगळ्या जगात ज्याचा दरारा, तो पंधरा वर्षांच्या पोरापुढे बसून, माझं चुकलं, म्हणतो. त्यात जादू कुठेच नव्हती. छडी नाही, मंत्र नाही. पण त्या सात पुस्तकांतलं मला न पटणारं, अशक्य वाटणारं काही असेल तर ते तेवढंच होतं. उडणारे झाडू मी केव्हाच मान्य केले होते.

या मालिकेवर बोलणारी माणसं नायक म्हटलं की हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तराचं नाव घेतात. त्याचं आयुष्यभराचं प्रेम, त्याचं दोन्हीकडच्या संशयात जगणं, शेवटी उलगडणाऱ्या आठवणी. मला तो माणूस धाडसी वाटतो, मोठा वाटत नाही. कारण नेव्हिल, हॅरीच्या वर्गातला. तिसऱ्या भागात वर्गात एक प्राणी आणतात, समोरच्याला ज्याची सर्वांत जास्त भीती त्याचं रूप घेणारा. नेव्हिलपुढे तो होतो स्नेप. ज्या पोराच्या आईवडिलांना शत्रूच्या माणसांनी छळून छळून वेडं केलं, त्या पोराची सर्वांत मोठी भीती म्हणजे त्याचा मास्तर! मीही पाचवीत गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हणून सांगत असे, त्यामुळे या बाबतीत माझं मत वळणार नाही. हॅरीने शेवटी आपल्या मुलाला स्नेपचं नाव दिलं, तेही मला रुचलेलं नाही. नेव्हिल तिथेच बसला होता की.

नेव्हिलवर तर स्वतंत्र लिहायला हवं. ते भाकीत, शत्रूला कोण हरवू शकेल याचं, दोघांनाही लागू पडत होतं. दोघांचे जन्म जुलै संपता संपता, एका दिवसाच्या अंतराने. शत्रूने हॅरीला निवडलं म्हणून हॅरी ‘तो’ झाला. नेव्हिलला कुणीच निवडलं नाही. त्याला छडीसुद्धा वडिलांची जुनी. पण पहिल्या भागात, मित्र नियम मोडून रात्री बाहेर निघतात तेव्हा, दाराशी आडवा उभा राहतो तो हाच, आणि शेवटच्या भागात तलवार काढून नागीण मारतो तोही हाच. मला मात्र आठवतो तो हॉस्पिटलमधला. सुट्टीत तो आजीबरोबर आईवडिलांना भेटायला जातो. ते त्याला ओळखत नाहीत. आई पावलं ओढत येते आणि त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे, असे कितीतरी झाले. नेव्हिल टाकत नाही. खिशात घालतो. बस, एवढंच. सात भागांतल्या सगळ्या लढाया एका पारड्यात घातल्या तरी मी हा कागद उचलेन.

आणि ल्युपिन. आठवीतल्या मुलांना मिळावा असा मास्तर: आधी चॉकलेट खायला देणार, मग शिकवणार. पण तोही लपवतो. तुरुंगातून पळालेला सिरियस कुत्र्याचं रूप घेऊ शकतो हे त्याला माहीत असतं, सगळी शाळा सिरियसच्या भीतीच्या सावटाखाली असताना वर्षभर तो ते सांगत नाही; सांगितलं तर आपण लहानपणी डम्बलडोरांचा विश्वासघात केला ते उघडं पडेल म्हणून. लेखिकेने एकही गुरू धुतल्या तांदळासारखा ठेवलेला नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा.

२००९चा मे. मी सुट्टीत आले होते. खळ्यात मामा आमसुलं घालत होता. रातांब्याच्या साली मिठाच्या रसात बुडवून वाळत टाकायच्या, वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. हे आजीचं काम. हात कोपरापर्यंत लाल झालेले. नाकावरचा चष्मा घसरू नये म्हणून त्याला काळी दोरी बांधली होती. ती दोरी मी ओळखली. त्या दिवशी बॅग उलटी केली तेव्हा कुठेतरी पडली असणार.

मी पायरीवर बसले. तो वर न बघता म्हणाला, “तुका सांगूक होया होता.”

मी काही बोलले नाही.

“फोनवर मी थय परसात आसा म्हणान सांगितलंय ना, तेव्हा ती घरात नव्हतीच. तां माका अजून खाता. मी चुकलंय.”

बराच वेळ साली उलट्या करण्याचा आवाज. मग, तेवढ्याच शांतपणे: “पण परत तशी वेळ इली तर काय करीन, तां माका सांगूक येवचा नाय.”

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते नसतं तर आधीच्या वाक्यावर मी विश्वास ठेवला नसता. मी खाली उतरून दुसरी परडी घेतली. आणि हातांबरोबर काहीतरी चालू राहावं म्हणून त्याला पाचव्या भागाची गोष्ट सांगितली, ती खोली, ते फोडणं, ते कबूल करणं.

“मगे पोरगो काय म्हणालो?” त्याने विचारलं.

“काही नाही. त्याला ऐकायचंच नव्हतं.”

मामाने मान हलवली, जणू त्याची तशीच अपेक्षा होती.

सातवा भाग सांगितला तो त्याच सुट्टीत. स्नेपच्या आठवणींतून कळतं की डम्बलडोरांना आधीपासून ठाऊक होतं: शत्रूच्या आत्म्याचा एक तुकडा हॅरीतच आहे, आणि वेळ आली की हॅरीला मरणासमोर जावंच लागेल. हे त्यांनी स्नेपला सांगून ठेवलं होतं, हॅरीला नाही. स्नेपसुद्धा हादरतो, म्हणजे कापायला डुक्कर वाढवावं तसं तुम्ही त्याला वाढवलंत?

“देवाक सोडलेलो कोंबडो,” मामा म्हणाला.

कोकणात ज्याने नवसाचा कोंबडा पाहिलाय त्याला यापुढे काही सांगावं लागणार नाही. तो घरभर हिंडतो, त्याला कुणी हाकलत नाही, पोरं त्याला दाणे घालतात. घरात सगळ्यांना माहीत असतं. कोंबड्याला सोडून. पण पुढचं सांगितलं तेव्हा मामा सरसावून बसला. हॅरीला ते कळतं, आणि कळल्यावर तो स्वतःच्या पायांनी जंगलात जातो. ओढून नेलेला नाही. आणि त्यानंतर, जिवंत आणि मेलेल्यांच्या मधल्या त्या पांढऱ्या रेल्वे स्टेशनात डम्बलडोर त्याला भेटतात तेव्हा म्हातारा रडत क्षमा मागतो. मी तुझ्यावर भरवसा ठेवायला हवा होता, म्हणतो.

“म्हणजे दोनदा मागितल्यान,” मामा म्हणाला. हिशेब करावा तसं. “एकदा नाय पुरली.”

त्या हिवाळ्यात आमच्या जत्रेला मी मुद्दाम आले. पालखी फिरली, आधी शंकासुराने मालवणीत सगळ्या गावाची खेचली, मग मध्यरात्र उलटल्यावर आख्यान लागलं. कर्ण आणि परशुराम. मामाचं वय तेव्हा साठीला टेकलेलं, पण दाढी लावून, परशू खांद्यावर घेऊन तो पडद्यातून बाहेर आला की समोरची पोरं आपोआप पाय आखडून बसत. कर्णाचं काम करणारा मुलगा नवा होता, विशीतला. मांडीवर मामाचं डोकं घेऊन तो असा कळवळला की बायांनी पदर तोंडाला लावले.

मग शाप झाला. पेटीवाल्याने सूर चढवला. शाप दिला की परशुरामाने पाठ फिरवून पडद्याआड जायचं, हे ठरलेलं. मामाने पाठ फिरवली, दोन पावलं गेला, आणि पडद्याशी थांबला. मागे आला. बाकड्यावर बसला.

“कर्णा,” तो म्हणाला, रंगमंचावर बोलायच्या त्याच्या त्या शुद्ध, घोळवलेल्या मराठीत, “तू असत्य बोललास. परंतु सत्य बोलला असतास, तर मी तुला शिकवलं असतं का? हा प्रश्न तू मला विचारला नाहीस. आता मी स्वतःला विचारतो आहे.”

पेटीवाला एकाच पट्टीवर बोट दाबून राहिला. पखवाजवाल्याने हात आवरला. कर्णाला काहीच सुचेना. असा प्रश्न कुणी टाकेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि संहिता तर नव्हतीच. तो नुसता उभा राहिला, मग खाली वाकून त्याने मामाच्या पायाला हात लावला. मागून कुणीतरी म्हणालं, “मामा आज लांबयता.” शाप मात्र तसाच राहिला. आख्यान कुणाला बदलता येत नाही.

पहाटे काला झाला, हंडी फुटली. मी देवळामागे गेले तेव्हा मामा पेटाऱ्यावर बसून खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढत होता. अर्धा चेहरा ऋषीचा, अर्धा त्याचा.

“जरा लांबला काय गो?”

“नाय.”

“पेटयेवालो चिडलोहा,” तो म्हणाला, आणि तेलकट फडकं माझ्याकडे देऊन कानामागचा रंग दाखवायला मान वळवली.